नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (जन्म : ६ डिसेंबर १८६१, करजगाव, रत्नागिरी जिल्हा, मृत्यू : ९ मे १९१९, मुंबई) हे आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीतील कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि संपादक होते. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. मराठी ख्रिस्ती समाजात त्यांचे स्थान प्रामुख्याने भजनकाराचे आहे. अभंग, ओवी, पद आणि कीर्तन या महाराष्ट्राच्या जुन्या रचनाप्रकारांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती गायिली. श्रद्धेतून मिळणारा आनंद रविवारच्या उपासनेपुरता मर्यादित न राहता तो घरात, अंगणात आणि रोजच्या कामात उतरला पाहिजे, हा त्यांच्या भक्तिरचनेचा आणि जगण्याचा मुख्य सूर होता. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' या भक्तसंघाची स्थापना केली. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म कोकणातील एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई यांना कवितेची आणि भक्तिपर रचनांची आवड होती. नारायणाला कवितेची गोडी लागली ती आईमुळेच. आईचा सहवास मात्र त्याला फार काळ लाभला नाही. तो लहान असतानाच जानकीबाईंचे निधन झाले आणि त्यानंतर घराशी असलेला त्याचा धागा कायमचा सैल झाला. टिळकांच्या पुढील काव्यात आईची प्रतिमा वारंवार येते, आणि देवालाही ते बहुधा आईच्या रूपातच पाहतात. या विशेषाचे मूळ त्यांच्या बालपणातील या वियोगात असावे, असे मानण्यास जागा आहे.

घर सोडून ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. काही काळ इंग्रजी शाळेतही ते शिकले. परंतु परिस्थितीमुळे हे शिक्षण पूर्ण झाले नाही. संस्कृतवरील प्रभुत्व, शीघ्र कवित्व आणि ओघवते वक्तृत्व हेच त्यांचे भांडवल ठरले.

विवाह आणि भ्रमंतीची वर्षे

नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी टिळकांचा विवाह झाला. त्या वेळी मनकर्णिका अकरा वर्षांच्या होत्या. सासरी त्यांचे नाव लक्ष्मी असे ठेवण्यात आले. टिळकांना एका जागी स्थिर राहणे जमत नसे. शिक्षक, पुराणिक, छापखान्यातील जुळारी अशी निरनिराळी कामे त्यांनी गावोगाव केली. हातात आलेला पैसा ते गरजूला सहज देऊन टाकत आणि घरात मात्र चूल कशी पेटवावी असा प्रश्न उभा राही. त्यांचा राग झटकन येई आणि तितक्याच लवकर ओसरे. या संसाराचे सुखदुःख लक्ष्मीबाईंनी पुढे विनोदाच्या अंगाने लिहून ठेवले. त्यामुळे टिळकांचे थोरपण आणि त्यांच्या स्वभावातील उणिवा या दोन्ही बाजू वाचकांसमोर आल्या.

१८९१ मध्ये टिळक नागपूरला गेले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे मराठी अनुवाद केले. धर्मविषयक चर्चा करणारे 'ऋषि' हे मासिकही त्यांनी काही काळ चालविले. जातिभेद, मूर्तिपूजा आणि देशाची स्थिती या प्रश्नांनी या काळात त्यांना अस्वस्थ केले होते. रूढ आचारधर्मात त्यांचे समाधान होत नव्हते आणि एखादा नवा धर्म आपणच स्थापन करावा, असाही विचार त्यांच्या मनात घोळत होता.

डोंगरावरील प्रवचन आणि धर्मांतर

१८९३ मध्ये नोकरीच्या शोधात टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने निघाले होते. त्याच डब्यात अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी प्रवास करीत होते. दोघांचे कवितेवर आणि धर्मावर बोलणे झाले. वॉर्ड यांनी त्यांना बायबलची प्रत भेट दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना त्या वेळी ते पटले नाही. मात्र पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी पाळला.

वाचता वाचता ते मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच खिळून राहिले. पाचव्या ते सातव्या अध्यायांत येणाऱ्या या प्रवचनाचा आरंभ धन्यतेच्या वचनांनी होतो. दीन, शोकाकुल आणि धर्मासाठी छळ सोसणारे लोक खरे धन्य आहेत, असे त्यांत सांगितले आहे. पुढे येशू आपल्या श्रोत्यांना आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे पाहावयास सांगतो व उद्याची चिंता टाकून देण्यास शिकवतो. टिळकांची पुढील कविता पाखरे, फुले आणि मुले यांनी भरलेली आहे. ज्या उताऱ्याने त्यांचे मन जिंकले त्यातही पाखरे आणि फुले यावीत, हा योग अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखा आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या प्रवचनातील धन्यता सुस्थितीवर अवलंबून नाही. दारिद्र्य आणि शोक यांच्या मध्यभागीही तिचे वचन दिलेले आहे. टिळकांच्या उर्वरित आयुष्यात या वचनाची कसोटी अनेकदा लागली.

धर्मांतराचा निर्णय घेण्यास त्यांना दीड-दोन वर्षे लागली. या काळात त्यांनी 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाशी आपले नाव उघड न करता पत्रव्यवहार केला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला बाप्तिस्मा देणारी व्यक्ती परदेशी मिशनरी नसावी, तर भारतीय धर्मोपदेशक असावी, असा त्यांचा आग्रह होता आणि तो मान्य करण्यात आला.

ताटातूट आणि पुनर्मीलन

या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवऱ्याने धर्म बदलल्याची वार्ता त्यांच्यावर वज्राघातासारखी कोसळली. पदरी लहानगा दत्तू होता. पती हयात असूनही त्यांना एकाकी जिणे कंठावे लागले. माहेरच्या माणसांच्या आधाराने त्यांनी काही काळ पंढरपूर येथे काढला. दुःखाने त्यांची प्रकृती ढासळली. टिळकांनाही हा विरह जड गेला. त्यांनी पत्रे लिहिणे थांबविले नाही, दुसरा विवाह केला नाही आणि पत्नीवर धर्मांतरासाठी सक्तीही केली नाही.

सुमारे चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई आपला धर्म आणि सोवळे सांभाळून टिळकांसोबत राहू लागल्या. एकाच घरात दोन धर्म आणि दोन चुली, असा हा संसार होता. जातिभेद देवाने निर्माण केलेला नसून तो माणसाने उभा केला आहे, हे विचारांती त्यांना उमगले. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. दत्तू पुढे देवदत्त नारायण टिळक या नावाने लेखक आणि संपादक म्हणून प्रसिद्धीस आले.

अहमदनगरमधील कार्य

धर्मांतरानंतर टिळकांचे मुख्य कार्यक्षेत्र अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे होते. तेथील ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महाराष्ट्रात पडलेल्या भीषण दुष्काळात अनेक मुले निराधार झाली. अशा मुलांचा सांभाळ करण्याच्या कामात टिळक दांपत्याने स्वतःला झोकून दिले. घरात अन्नाची विवंचना असतानाही दारात आलेल्या मुलाला टिळक परत पाठवीत नसत. पुढे ज्या मुलांमुळे त्यांना फुलामुलांचे कवी हे नाव मिळाले, ती मुले केवळ कल्पनेतील नव्हती, हे यावरून दिसते.

ख्रिस्ती झाल्याने आपण परके झालो नाही, ही भूमिका त्यांनी ठामपणे मांडली. पोशाख, भाषा, नावे आणि राहणी यांत त्यांनी मराठीपण राखले. देशभक्ती हा त्यांच्या कवितेचा एक ठळक विषय आहे. ख्रिस्ती मंडळीने परदेशी मिशनच्या आधारावर विसंबून न राहता आपल्या मातीत रुजावे, असे ते सातत्याने सांगत.

भजने आणि कीर्तने

मराठीतील ख्रिस्ती काव्याला टिळकांपूर्वी मोठी परंपरा होती. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले 'ख्रिस्तपुराण' हे ओवीबद्ध महाकाव्य १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मंडळींत मात्र इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते मोठ्या प्रमाणावर गायिली जात. चाल परकी, शब्दांची ओढाताण आणि भाव उसना, अशी त्यांतील पुष्कळ गीतांची अवस्था होती. दिवसभर शेतात राबून आलेल्या भाविकाला ती पाठ होत नसत, आणि झाली तरी ती काम करताना ओठांवर येत नसत.

टिळकांनी ही अडचण ओळखली. ज्ञानेश्वर, नामदेव आणि तुकाराम यांच्या वाणीचा त्यांचा व्यासंग होता. तुकारामांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, असे ते मानीत. त्यामुळे संतपरंपरेकडे पाठ फिरविण्याची त्यांना गरज वाटली नाही. त्यांच्या भजनांत ख्रिस्त हा गुरू आहे, सखा आहे आणि माउलीही आहे. वारकरी ज्या आर्ततेने विठाईला हाक मारतो, त्याच आर्ततेने हा कवी ख्रिस्तमाउलीला हाक मारतो. भाषा साधी, चाल ओळखीची आणि भाव आतून आलेला असल्यामुळे ही गीते टाळ-मृदंगाच्या साथीने सहज गाता येऊ लागली. ख्रिस्ती कीर्तनाच्या प्रकारालाही त्यांनी मोठे बळ दिले. 'अभंगांजली' हा त्यांचा अभंगसंग्रह या भक्तिकाव्याचा परिपाक मानला जातो.

या रचनांतील आनंदाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. हा आनंद दुःख नाकारत नाही. पश्चात्ताप, एकाकीपणा आणि स्वतःच्या उणिवांची जाणीव त्यांच्या अभंगांत वारंवार येते. देव दूरच्या स्वर्गात नसून तो जवळ, श्वासाइतका निकट आहे, या अनुभवातून तो आनंद उगवतो आणि सेवेच्या रूपाने बाहेर पडतो. आनंद स्वतःपाशी साठवून ठेवण्याची वस्तू नसून तो वाटल्यानेच टिकतो, अशी त्यांची धारणा होती. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. आजही गावोगावच्या उपासनांत आणि घरगुती प्रार्थनांत त्या गायिल्या जातात.

इतर काव्य आणि संपादन

'वनवासी फूल', 'सुशीला', 'बापाचे अश्रू' आणि 'माझी भार्या' या टिळकांच्या प्रसिद्ध रचना होत. शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेल्या पक्षिणीवरील 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता शालेय पाठ्यपुस्तकांमुळे महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे. केशवसुतांच्या समकालीन कवींमध्ये टिळकांचे वेगळेपण कौटुंबिक जीवनाच्या चित्रणात आहे. पत्नी, मूल, घर, अंगणातील फूल अशा नित्याच्या गोष्टींना त्यांनी काव्यविषयाचा मान दिला. या कवितांत ख्रिस्ताचे नाव बहुधा येत नाही. तथापि, लहान आणि दुर्बल जीवांबद्दलचा जो कळवळा त्यांत आहे, त्याचा झरा भजनांतील श्रद्धेपासून निराळा काढता येत नाही.

१९१२ पासून अखेरपर्यंत ते 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते. हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले होते. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचेही त्यांनी संपादन केले. नव्या कवींना उत्तेजन देण्याची त्यांना हौस होती. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळाली. पुढे टिळकांनी त्यांना आपल्या घरी मुलासारखे ठेवून घेतले. ठोंबरे हिंदू होते आणि हिंदूच राहिले. टिळकांच्या घरी त्यांना माया, कवितेची संगत आणि लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवण मिळाले. मे १९१८ मध्ये बालकवींचा रेल्वे अपघातात मृत्यू झाला. तो घाव टिळक कुटुंबाच्या जिव्हारी लागला.

सातारा आणि देवाचा दरबार

१९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून ते सातारा येथे राहू लागले. आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव, वाळवा आणि खानापूर हे तालुके त्या काळी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. समर्थ रामदासांच्या सज्जनगडामुळे साताऱ्याच्या परिसराला भक्तिपरंपरेचा वारसा होता. अशा भूमीत ख्रिस्तभक्तीचा देशी आश्रम उभा करावा, ही टिळकांची आकांक्षा होती.

येथे त्यांनी 'देवाचा दरबार' हा भक्तसंघ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात समान मानले जात. ख्रिस्ताला गुरू मानण्यासाठी आपले घर, आप्त आणि समाज सोडावा लागू नये, असा या कल्पनेचा गाभा होता. ज्याने स्वतः धर्मासाठी पत्नीपुत्रांची ताटातूट सोसली होती, त्याने आयुष्याच्या शेवटी असा दरबार उघडावा, यात एक खोल अर्थ आहे. काही ख्रिस्ती मंडळींना ही मोकळीक रुचली नाही. बाप्तिस्म्याचे महत्त्व त्यामुळे कमी होईल, अशी त्यांना भीती वाटे. दुसऱ्या बाजूला, अनेक हिंदू वाचकांच्या मनात टिळकांच्या धर्मांतराची सल होतीच. दोन्हीकडून टीका सोसूनही त्यांनी आपली वाट बदलली नाही.

निश्चित मिळकत बंद झाल्यामुळे संसाराचा भार पुन्हा एकदा लक्ष्मीबाईंवर आला. टिळकांच्या वैराग्यामागे त्यांचे कष्ट उभे होते, याची नोंद घेतल्यावाचून साताऱ्याच्या या पर्वाचे चित्र पूर्ण होत नाही.

मृत्यू

साताऱ्यातील कार्य जेमतेम दोन वर्षे चालले. टिळकांची प्रकृती खालावत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईतील जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात देवाचा दरबार फार काळ टिकला नाही.

वारसा

येशूच्या चरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनी हाती घेतले होते. आरंभीचे काही अध्याय लिहून झाल्यावर ते अपूर्ण राहिले. बालपणी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यापुढील बहुतेक सर्व अध्याय रचले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९३८ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागशः प्रकाशित झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान अग्रगण्य आहे. टिळकांचे व्यक्तिमत्त्व आजच्या वाचकाला मुख्यतः या ग्रंथातूनच भेटते. टिळकांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनीही 'चालता बोलता चमत्कार' या कादंबरीतून त्यांचे जीवन चितारले आहे. टिळकांचे चरित्र लिहिणारे इंग्लिश मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी पुढे ख्रिस्त सेवा संघ या आश्रमसंस्थेची स्थापना केली. ख्रिस्ती जीवनाला भारतीय रूप देण्याचा टिळकांचा विचार अशा प्रयत्नांतून पुढे चालू राहिला.

टिळकांच्या कार्याचे मूल्यमापन करताना साहित्याचे अभ्यासक त्यांच्या निसर्गकवितेला आणि कौटुंबिक कवितेला प्राधान्य देतात, तर ख्रिस्ती अभ्यासक भजनांना. वस्तुतः या दोन्हींचा उगम एकच आहे. त्यांना घराची ओढ होती, पण घर मोडण्याची वेळ त्यांच्यावर आली. मुलांवर माया होती, पण वियोग सोसावा लागला. हातात पैसा कधी टिकला नाही. तरीही त्यांच्या रचनांत कडवटपणा क्वचितच आढळतो. सामान्य माणसाच्या ओठांवर सहज यावे असे आनंदाचे गाणे त्यांनी मराठी ख्रिस्ती समाजाला दिले, आणि तो आनंद उसना नव्हता हे त्यांच्या चरित्रावरून दिसून येते.